प्रश्नावली आधी मुलांना वाचायला द्या
एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांवर अभ्यास करायचा तर 'पालकांची संमती आणि अभ्यासाच्या सल्लागार मंडळात एखादा तरुण, एवढं पुरे' असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १२ ते १८ वयाच्या मुलांची स्वतःची लेखी अनुमतीही लागते. पण सहीची वेळ येते तेव्हा प्रश्न ठरून गेलेले असतात.

मी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रात, समुपदेशक होते. एका अभ्यासाची प्रश्नावली आम्ही आधी मुलांनाच वाचायला दिली. 'महिन्यात किती गोळ्या विसरलात?' यावर हॉस्टेलात राहणारी एक मुलगी म्हणाली, "ताई, विसरत नाही हो. बाटली खुळखुळते, रूममध्ये काढताच येत नाही." बाटलीत कापूस कोंबून पाहिला होता तिने. मग आम्ही विचारायला लागलो, 'गोळी घेताना आसपास कोण असतं?' तेव्हा कुठे मुलं मोकळी झाली.