समांतर आरजीबी पॅनेलवर अक्षरांच्या कडांना रंगीत ठिपके: दोष ड्रायव्हरचा की केबलचा?

लातूरहून प्रश्न
आम्ही डाळ मिलसाठी नियंत्रण फलक तयार करतो. त्यात लिनक्सवर चालणारा बोर्ड आणि 800×480 चे सात इंची पॅनेल असून दोहोंमध्ये 24 बिटांचा समांतर आरजीबी (लाल-हिरवा-निळा) इंटरफेस आहे. पडदा एकाच रंगाचा असेल तर चित्र स्वच्छ असते. मात्र तुरीच्या वजनाचे बारीक आकडे आले की त्यांच्या कडांना हिरवे-लाल ठिपके चमकतात आणि दुपारी पत्र्याची शेड तापली की ते वाढतात. केबल बदलूनही फरक पडला नाही. डेटाशीटनुसार पॅनेल रायझिंग एजला (क्लॉक सिग्नल वर चढतो त्या क्षणी; खाली उतरतो तो फॉलिंग एज) डेटा वाचते, म्हणून डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डाच्या हार्डवेअरचे वर्णन लिनक्सला देणारी फाइल) ‘पिक्सेलक्लॉक-ॲक्टिव्ह’ हा गुणधर्म 1 ठेवला आहे. दोष कुठे शोधावा?

जालन्याहून
पिक्सेल क्लॉक 33 वरून 25 मेगाहर्ट्झवर आणून पाहावा. वेग कमी झाला की डेटा स्थिरावण्यास अधिक वेळ मिळतो.

वाळूजहून
जालन्याच्या सरांची सूचना एरवी योग्य ठरली असती, पण येथे तिचा उपयोग होणार नाही, कारण डेटा ज्या एजला बदलतो त्याच एजला पॅनेल तो वाचत असेल, तर क्लॉक कितीही संथ केला तरी वाचन बदलाच्या क्षणीच होत राहते. शिवाय 1056×525 या एकूण टायमिंगला (800×480 भोवतीचा न दिसणारा रिकामा भाग धरून) 60 हर्ट्झसाठी 33.264 मेगाहर्ट्झ लागतात; 25 वर रिफ्रेश 45 च्या आसपास येईल.

आपण दिलेली लक्षणे नेमकी याच दोषाची आहेत. एकरंगी पडद्यात डेटा बदलतच नाही, म्हणून चूक दिसत नाही. उष्णतेने सिग्नलचा विलंब किंचित सरकतो, म्हणून ठिपके कमी-जास्त होतात. ‘पिक्सेलक्लॉक-ॲक्टिव्ह’मध्ये 1 म्हणजे बोर्डावरील डिस्प्ले कंट्रोलरने रायझिंग एजला डेटा बदलायचा आणि पॅनेलने फॉलिंग एजला वाचायचा. डेटाशीट पॅनेलच्या बाजूने लिहिलेले असते, हे ध्यानात घेतले की आपल्या पॅनेलसाठी 0 हवे हे स्पष्ट होते. हा गोंधळ इतका सार्वत्रिक आहे की डीआरएममध्ये (लिनक्सची डिस्प्ले हाताळणारी यंत्रणा) ‘ड्राइव्ह’ (डेटा बदलणे) आणि ‘सॅम्पल’ (डेटा वाचणे) अशी वेगळी नावे असलेले फ्लॅग करावे लागले.

लातूरहून
0 केले, तरी पडद्यावर काहीही बदलले नाही.

वाळूजहून
मग कंट्रोलरचा ड्रायव्हर या गुणधर्मातून येणारा फ्लॅग वाचतच नसावा. पॅनेल सुरू करताना पोलॅरिटीचा (कोणत्या एजला डेटा बदलायचा हे ठरवणारा) बिट कुठे लिहिला जातो ते पाहावे. तेथे ठरावीक मूल्य असेल तर ते उलटे करून मोकळे होऊ नये, कारण त्याच बोर्डावर उद्या दुसरे पॅनेल लावले की हाच दोष पुन्हा उभा राहील. फ्लॅग वाचून त्यानुसार बिट ठरवणारा बदलच करावा.

लातूरहून
बिट खरोखर ठरावीक होता. सुचवल्याप्रमाणे बदल केल्यावर ठिपके नाहीसे झाले. ऑसिलोस्कोपवर पॅनेलच्या कनेक्टरजवळ पाहिले, तर रायझिंग एज आता डेटाच्या मधोमध पडते. तापलेल्या शेडमध्ये तपासणी करूनच फलक मिलकडे देऊ.