कॉलिन्सचे नाबाद ६२८: याला विक्रम म्हणायचं का?

खडूस फलंदाज:
क्रिकेटच्या प्रश्नमंजूषेत ए. ई. जे. कॉलिन्स हमखास येतो, माणूस मात्र कुणाला ठाऊक नसतो. जन्म १८८५ चा, हजारीबागचा. वडील आयसीएसमध्ये (ब्रिटिशांच्या भारतातल्या सनदी सेवेत) न्यायाधीश. क्लिफ्टन कॉलेजात (ब्रिस्टल) दाखल झाला तेव्हा आई-वडील दोघंही हयात नव्हते. जून १८९९ मध्ये क्लार्क्स हाउसकडून नॉर्थ टाउनविरुद्ध त्याने नाबाद ६२८ ठोकल्या. वय १३.

माझं मत: ही खेळी विक्रमांच्या यादीत नकोच. एकाच शाळेतल्या दोन हाउसची (विद्यार्थ्यांच्या गटांची) ज्युनिअर मॅच, समोर पोरंटोरं, जीवदानांची खैरात, वेळेचं बंधन नाही. वर खुद्द स्कोअरर म्हणतो, वीस धावा इकडे-तिकडे धरा! असल्या आकड्याने म्हणे एका डावातल्या सर्वाधिक वैयक्तिक धावांचा विक्रम मोडला, इंग्लंडच्या स्टॉडर्टच्या ४८५ ला मागे टाकलं.

चौथी स्लिप:
स्टॉडर्टने तरी १८८६ मध्ये काय कसोटीत केल्या होत्या? हॅम्पस्टेडची क्लब मॅचच ती. आणि समोर पोरं होती तर हाही पोरच होता की! क्लार्क्स हाउसच्या ८३६ पैकी बाकी सगळ्यांच्या आणि अवांतर मिळून २०८. मैदान तेच, गोलंदाज तेच, मग इतरांना का नाही जमलं? वर पठ्ठ्याने ११ बळीही घेतले. नॉर्थ टाउन ८७ आणि ६१ मध्ये गारद. वीस धावा वजा करा हवं तर, ६०८ उरतात. तरीही स्टॉडर्ट मागेच.

खडूस फलंदाज:
गणित मान्य, दर्जाचं काय?

कल्याण फास्ट:
हे सगळं २०१६ च्या जानेवारीत ऐकलंय. आमच्या कल्याणच्या प्रणव धनावडेने भंडारी कप या शालेय स्पर्धेत नाबाद १००९ करून हाच विक्रम मोडला, तेव्हाही 'सीमारेषा जवळ, समोरचा संघ कच्चा' हेच पालुपद. रिक्षाचालकाचा मुलगा, ३२३ चेंडू, ५९ षटकार. कॉलिन्सचा काढायचा तर प्रणवचाही काढा. पण मग शालेय क्रिकेटची नोंद ठेवायचीच कशाला?

खडूस फलंदाज:
ठेवा ना, वेगळ्या रकान्यात ठेवा. भावनेवर नेऊ नका. प्रणवच्या मेहनतीबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही.

चौथी स्लिप:
जवळच्या सीमारेषेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. क्लिफ्टनच्या त्या मैदानावर जवळच्या बाजूला चेंडू गेला तर दोनच धावा मिळत. लांबच्या उताराकडे मारला तर पळून काढायच्या. म्हणून तर १४६ वेळा दोन, ३३ वेळा तीन आणि चौकार फक्त ३१. फुकटचं काही नव्हतं. ६ तास ५० मिनिटं, तीही एका दिवसात नाही. रोज दुपारी पुन्हा पहिल्यापासून नजर बसवायची. झेल सुटले असतील, पण सुटलेल्या झेलाचा फायदा घ्यायलाही दम लागतो.

तंबूतला बारावा:
दोघांचंही आकड्यावरच चाललंय. 'माणूस कुणाला ठाऊक नाही' अशी सुरुवात करून खडूसराव शाळेच्या मैदानाबाहेर पडायलाच तयार नाहीत. कॉलिन्स पुढे वुलिचच्या लष्करी अकादमीत गेला, ब्रिटिश सैन्याच्या रॉयल इंजिनिअर्समध्ये अधिकारी झाला. प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही. त्या काळच्या हौशी खेळाडूला त्यात वावगं वाटत नसे, नोकरी आधी, क्रिकेट सवडीने. १९१३ मध्ये लॉर्ड्सवर रॉयल आर्टिलरीविरुद्ध ५८ आणि ३६ केल्या. १९१४ मध्ये लग्न, आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला पहिल्या महायुद्धातल्या ईप्रच्या (बेल्जियम) लढाईत मारला गेला. वय २९. मला विचाराल तर लॉर्ड्सच्या त्या ५८ धावा जास्त बोलक्या आहेत, कारण तिथे समोर मोठी माणसं होती.

खडूस फलंदाज:
म्हणजे बाराव्याचं मत माझ्याच बाजूने पडलं!

चौथी स्लिप:
पडू दे. लॉर्ड्सवर ५८ करणारे शेकड्याने सापडतील, १३ व्या वर्षी ६२८ करणारा दुसरा दाखवा. आणि जाता जाता अकराव्या नंबरच्या रेडफर्नलाही थोडं श्रेय द्या. शेवटच्या जोडीने १८३ जोडल्या, त्यात त्याच्या १३. तो टिकला नसता तर ही चर्चाच झाली नसती.