तीन मोठी माणसे, त्यांचे सामान आणि एक कॅनू

प्रेषक: ओंटारियोतील सभासद, मूळ गाव खानापूर
विषय: तिघांसाठी कॅनू – सल्ला हवा आहे

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

येत्या हिवाळ्यात मी इथला मुक्काम हलवून कायमचा खानापूरला परतत आहे. घरसामान २० फुटी कंटेनरमधून न्हावा-शेवामार्गे येईल, आणि त्यातच एक कॅनू (वल्ह्याने चालवायची लांबट, अरुंद होडी) आणावी अशी माझी व गावाकडच्या धाकट्या भावाची इच्छा आहे. मी, भाऊ आणि आमचा भाचा असे तिघे हिडकलच्या जलाशयावर दोन-दोन दिवसांसाठी जाऊ. तेव्हा तंबू, अंथरूण, शिधा आणि पिण्याचे पाणी बरोबर असेल. सध्या १६ फुटी, पॉलिएथिलिन प्लॅस्टिकची एक वापरलेली कॅनू विकत मिळते आहे. तिच्यावर लिहिलेली वहनक्षमता ४०० किलोंहून अधिक असून आमचे सामानासह वजन ३०० किलोंच्या आसपास भरते. हिशेबाने ती पुरायला हवी, तरीही तिघांना घेऊन ज्यांनी वल्हवले आहे त्यांचे मत ऐकल्याशिवाय व्यवहार करू नये असे वाटते.

प्रेषक: मिनेसोटातील सभासद, मूळ गाव निपाणी
विषय: उत्तर: तिघांसाठी कॅनू

दादा, स. न. वि. वि.

कॅनूवर लिहिलेल्या वहनक्षमतेवरून निवड करू नका, ही माझी पहिली आणि आग्रहाची विनंती आहे. तो आकडा बहुधा शांत पाण्यासाठी काढलेला असतो, आणि प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने काढते. आपण पाहायचे ते एवढेच, की सर्वजण बसल्यावर आणि सामान चढल्यावर मधोमध पाण्यापासून कॅनूच्या काठापर्यंत किती उंची शिल्लक राहते. शांत पाण्यातही ती १५ सेंटिमीटरपेक्षा कमी होता कामा नये, आणि मोठ्या जलाशयावर जायचे असेल तर त्याहून बरीच जास्त हवी.

आपल्या १६ फुटीचाच ढोबळ हिशेब मांडतो. तिचा पाण्याला टेकणारा भाग सुमारे अडीच-पावणेतीन चौरस मीटर धरला, तर दर २५-२७ किलोंना ती एक सेंटिमीटर खाली जाते. माणसे, सामान आणि तिचे स्वतःचे वजन मिळून ३४० किलो झाले की ती १३ ते १५ सेंटिमीटर बुडेल. मधली खोली ३५ सेंटिमीटर असेल तर वर वीसेक उरतात, आणि इथवर सारे ठीक दिसते. मात्र मधला माणूस पाण्याची बाटली घ्यायला वाकला आणि कॅनू १० अंशांनी कलली, तर एका बाजूचा काठ आणखी सात-आठ सेंटिमीटर खाली येतो. उरलेल्या बारा सेंटिमीटरवरून वाऱ्याने उठलेली साधी लाटही आत येऊ शकते. आत आलेले पाणी कललेल्या बाजूला धावते, आणि पुढचे सावरायला वेळ मिळत नाही.

म्हणून लांबी किमान १७ फूट असावी, १८ असल्यास उत्तम. आमच्या उत्तर मिनेसोटातील सरोवरांवर तिघांच्या प्रवासासाठी १७ ते २० फुटी कॅनू वापरतात. त्यासाठीच घडवलेल्या काही तर पूर्ण २० फूट लांब आहेत. आपल्याला मात्र कंटेनरची मर्यादा आहे. २० फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे ५.९ मीटर, म्हणजे १९ फुटांहून थोडी जास्त असते. तेव्हा साडेअठरा फुटांच्या पुढे जाऊ नये.

तिसऱ्या माणसाची जागा हा वजनापेक्षाही अवघड प्रश्न आहे. १६ फुटीत तो जिथे बसणार, तिथेच सामान ठेवायचे असते. मग सामान काठाच्या वर रचले जाते आणि एकूण भार उंचावतो. शिवाय मधोमध आडवी दांडी असते. ती खांद्यावर कॅनू उचलण्यासाठी तर असतेच, पण दोन्ही काठांना ताणून धरण्याचे कामही करते, त्यामुळे ती काढून तिथे आसन बसवणे धोक्याचे आहे. दांडीच्या मागे किंवा पुढे, काठांना पकडणारे आणि खाली लोंबकळणारे आसन लावावे, व त्याची उंची पुढच्या-मागच्या आसनांपेक्षा कमीच ठेवावी. घडीची खुर्ची मध्ये मांडून बसणारे मी पाहिले आहेत आणि ते मला मुळीच पसंत नाही. मध्ये रुंदी जास्त असल्याने तिथल्या माणसाला थोडे लांब वल्हे लागते.

तळाच्या आकाराविषयी आपल्या भावाला आधीच समजावून सांगावे. कृष्णाकाठची काहील (गुळाची मोठी कढई, जिच्यात बसून नदी ओलांडतात) सपाट तळामुळे जशी चढताक्षणी स्थिर वाटते, तशी सपाट तळाची कॅनूही वाटते. परंतु लाटेत तीच अचानक हातची जाते. किंचित कमानदार तळ सुरुवातीला डुलतो, पण कलल्यावर एका टप्प्याला थांबतो आणि सामान भरल्यावर अधिक शांत होतो. तिघांसाठी मी तोच घेईन.

प्रेषक: बेळगावचे सभासद, टिळकवाडी
विषय: उत्तर: तिघांसाठी कॅनू

सप्रेम नमस्कार.

निपाणीकरांचे म्हणणे पटले. इथल्या पाण्याच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण माझ्या मते तिथे वजनाचा मुद्दा लांबीइतकाच महत्त्वाचा ठरेल.

हिडकल हा घटप्रभेवरचा ५१ टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) जलाशय आहे. पावसाळ्याच्या अखेरीस पाणी काठाला लागलेले असते, पण कालव्यांना पाणी सुटत जाते तसा काठ मागे सरकतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला गाडीपासून पाण्यापर्यंत चिखल आणि दगडांचा रुंद पट्टा पडतो. पाणी फार उतरले की हुन्नूरचे बुडालेले विठ्ठल मंदिरही उघडे होते. म्हणजेच ऐन पाण्याखाली भिंती आणि चौथरे आहेत, हे ध्यानात ठेवावे. असा पट्टा ओलांडून १७ फुटी पॉलिएथिलिनची ४०-४५ किलोंची कॅनू दोघांनी न्यायची म्हणजे दिवसाच्या सुरुवातीलाच दमछाक. केव्हलारची (हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याच्या कापडाची) तेवढीच कॅनू २०-२५ किलोंत बसते. ती दगडावर घासली तर जपावे लागते, हे खरे, आणि किंमतही बरीच जास्त असते. रॉयलेक्स नावाचे मध्यम वजनाचे, मार सोसणारे साहित्य २०१४ पर्यंत बनत असे. त्याची चांगल्या अवस्थेतली वापरलेली कॅनू मिळाली तर तिचा अवश्य विचार करावा. ॲल्युमिनियमही दणकट असते, परंतु दगडाला अडकते आणि आवाज फार करते.

पॉलिएथिलिनच घ्यायची ठरल्यास तिला एप्रिलच्या उन्हात गाडीवर करकचून बांधून ठेवू नका. तळ दबतो आणि तो बाक कायम राहू शकतो.

बेळगाव शहराला पिण्याचे पाणी राकसकोप जलाशयाबरोबर हिडकलमधूनही येते. जलाशयात उतरण्यापूर्वी पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी घ्यावी आणि काठावर काहीही मागे ठेवू नये, ही आपल्याच शहराविषयीची जबाबदारी आहे. काळी नदीवर दांडेलीच्या बाजूला जाण्याचा विचार पुढे आला, तर तिथे मगरी आहेत. भरलेली, काठ खाली गेलेली कॅनू घेऊन तिथे जाऊ नये. जीवरक्षक जाकिटे तिन्ही तिकडूनच आणा आणि भाच्याच्या छातीचे माप आधी मागवून घ्या.

प्रेषक: ओंटारियोतील सभासद, मूळ गाव खानापूर
विषय: उत्तर: तिघांसाठी कॅनू

दोघांचे मनःपूर्वक आभार. १६ फुटी कॅनूचा विचार मी सोडला आहे. साडेसतरा फुटी, कमानदार तळाची, केव्हलारची एक वापरलेली कॅनू बघून ठेवली आहे. मालकाने ती तळ्यात उतरवून पाहण्यास संमती दिली आहे. मंडळातील दोघे मित्र आणि पाण्याने भरलेले डबे घेऊन तिच्यात ३०० किलो भरतो, मधल्या माणसाला बाजूला वाकायला सांगतो आणि दोन्ही वेळची काठाची उंची पट्टीने मोजून इथे कळवतो. मधले आसन दांडीच्या पुढे लावावे की मागे, हे निपाणीकरांनी तोवर सांगावे. आमचा भाऊ ८५ किलोंचा आहे आणि तोच मध्ये बसणार आहे.