नुसत्या ताकदीवर नाही होत बाप्पा

एमएमएच्या (जाळीच्या पिंजऱ्यातली झुंज, ठोसे-लाथा-कुस्ती सगळं चालतं) हेवीवेट गटात ज्याचा ठोसा जड तोच राजा, असं काही जण म्हणतात; मला नाही पटत. जानेवारी २०१८ आठवा. इथे नागपुरात रविवारची सकाळ, समोर तर्री-पोहे; तिकडे बोस्टनमध्ये जड ठोशाचा एन्गानू दुसऱ्या राउंडपासूनच धापा टाकतोय. तेव्हाचा विजेता मिओचिचने (हा गडी अग्निशमन दलात नोकरी करायचा!) पाचही राउंड त्याला जाळीला रेटून, खाली पाडून पार दमवलं. माझ्या तर्रीवर तेलाचा थर गोठला, चमचा तसाच हातात. मार्च २०२१ मध्ये एन्गानूने त्यालाच दुसऱ्या राउंडमध्ये झोपवलं, पण तेव्हा तो टेकडाउन (खाली पाडायचा डाव) अडवायला शिकला होता, घाईही नव्हती. बाकी रशियाचा जुना हेवीवेट फेडोर २०१० मध्ये ब्राझीलच्या वेर्डूमच्या पायांच्या पकडीत ६९ सेकंदांत अडकून हरला, तरी आपला लाडका तोच.