खान्देशात घरी सुशी : कच्चा मासा कुठून आणता? (अनुभव धागा)

लेक पुण्याला शिकते. दिवाळीला आली ती "आई, घरी सुशी करू ना" म्हणतच. सुशी म्हणजे व्हिनेगरच्या भाताचा जपानी पदार्थ, बहुतेकदा कच्च्या माशासोबत. भात जमला. इंद्रायणी बेताच्या पाण्यात शिजवला, गरम असतानाच व्हिनेगर, साखर, मीठ घालून लाकडी उलथन्याने हलकेच फिरवला. भात गुंडाळायची नोरी (समुद्री शेवाळाचा वाळवलेला पापुद्रा) ऑनलाइन मागवली. अडलं ते माशापाशी. जळगावच्या बाजारात विचारलं, तर मावशींचा विळीवरचा हात थांबला. "कच्चा मासा कोन खास वं माय?" तुम्ही कुठून आणता? अनुभव सविस्तर लिहा.

भुसावळहून
ताई, आमचं घर भोयांचं, तापीकाठचं. हतनूर धरणातला रोहू, कटला जाळ्यातून थेट घरी येतो. कल्ले लालभडक, डोळा काचेसारखा, बोटाने दाबलं की मांस लगेच वर येतं. तरीही सांगते, तो कच्चा खाऊ नका. गोड्या पाण्यातल्या माशाच्या मांसात कृमींच्या अळ्या असू शकतात. मासा कितीही ताजा असला तरी हा धोका राहतोच, आणि त्या अळ्या लिंबू-व्हिनेगरने मरत नाहीत. आमच्याकडे तो काळ्या मसाल्याच्या रश्श्यातच जातो.

धुळ्याहून
मुंबईत सुशीच्या किचनमध्ये सहा वर्षं काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. 'सुशी ग्रेड', म्हणजे कच्चा खाण्याजोगा, हा विक्रेत्यांचा शब्द आहे, त्यामागे ठरलेला सरकारी दर्जा नाही. विचारायचं ते हे, की मासा किती थंडीत किती वेळ ठेवला होता? अळ्या मारायला उणे २० अंशांत ७ दिवस लागतात, किंवा उणे ३५ अंशांत गोठवून त्याच थंडीत १५ तास. घरचा फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो. मी आत थर्मामीटर ठेवून पाहिला, मे महिन्यात काटा उणे १४ वर होता. म्हणून घरी गोठवण्यावर भरवसा ठेवत नाही. नाशिकहून गोठवलेला नॉर्वेचा सामन (सॅल्मन मासा) आणतो, बर्फाच्या पेटीत, वाटेत कुठेही न थांबता. पाकिटाच्या कोपऱ्यात बर्फाचा जाड गोळा दिसला तर घेत नाही. तो मासा एकदा वितळून पुन्हा गोठलेला असू शकतो.

नंदुरबारहून
आम्हाला सुरत जवळ. तिथून ताजा कुपा (टूना) आणला, पण गाडी रखडली आणि बर्फाचं पाणी झालं. वास चांगला होता, म्हणून भाजून खाल्ला. अर्ध्या तासात तोंड लाल, अंगभर खाज, डोकं ठणकायला लागलं. डॉक्टर म्हणाले, असा मासा उबेत राहिला की त्यात हिस्टामाइन तयार होतं आणि शिजवूनही ते जात नाही. तेव्हापासून उन्हाळ्यात कुपा आणत नाही.

चाळीसगावहून
घरात लहान मुलं आहेत, त्यामुळे कच्चं नाहीच. उकडलेली कोळंबी, काकडी आणि भरताच्या वांग्याच्या भाजलेल्या फोडी. मुलं ताट पुसून खातात.

जळगावहून, पुन्हा मी
धुळ्याच्या दादांनी सांगितलं तसाच सामन नाशिकहून मागवला. लेक शनिवारी येतेय. पाकीट हवाबंद आहे, ते कसं वितळवू?

धुळ्याहून
आधी पाकीट कापून मासा बाहेर काढा, बंद पाकिटात वितळवू नका. हवा नसली की त्यात घातक जंतू वाढू शकतात. कागदी रुमालात गुंडाळून झाकणाच्या डब्यात घाला आणि शुक्रवारी रात्रीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. कापायची सुरी आणि पाट वेगळे घ्या, आणि त्याच दिवशी संपवा.