सोडियमला इलेक्ट्रॉन नकोसाच असतो, तर तो काढायला ४९६ किलोज्यूल कामून लागतात?

रिपीटर_अहमदपूर
नमस्कार. मी लातूरला रूम करून राहतो, नीटचा दुसरा अटेम्प्ट. केमिस्ट्रीत एका जागी गाडी अडकलीय, अन क्लासमधी एवढ्या पोरांत हात वर करायला नको वाटतंय म्हणून इथं विचारायलो.

सर सांगायलेत की सोडियमची मांडणी २, ८, १, बाहेरचा एक इलेक्ट्रॉन त्याला नकोसा झालेला असतो, तो टाकला की आठ पूर्ण, म्हणून लगेच देऊन टाकतो. बरं. पण त्याच मॉड्यूलमधी चार पानं पुढं टेबल आहे, त्यात सोडियमची आयनायझेशन एनर्जी, म्हणजे इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, ४९६ किलोज्यूल पर मोल, अन ती आपण खर्चायची. म्हणजे गडी सुखासुखी देईनाच की! नकोसा माल उचलायला वरून आपणच पैसे द्यायचे, हा कुठला न्याय? दुसरं, पोटॅशियमला बी बाहेर एकच, मग ते सोडियमपेक्षा जास्त का भडकतंय. अन नायट्रोजनला बाहेर पाचच, म्हणजे तीन कमी, तरी हवेत निवांत बसलंय, आठ करायची घाई त्याला का नाही? रात्री दोनपर्यंत बसलो, डोक्यात शिरंना गेलंय. रूम पार्टनर म्हणतो पाठ कर अन झोप.

मांजराकाठ
रूम पार्टनर पास होणार बघ 😄

बीएस्सी_शेतकरी
भावा, प्रश्न एक नंबर काढलास. माझं बीएस्सी केमिस्ट्री, आता घरची शेती अन ज्युनियर कॉलेजला तासिकेवर शिकवायलो, तर दरवर्षी शंभरात एखादंच पोरगं हे विचारतंय, बाकीचे लिहून घेतात.

आधी ते 'नकोसा' डोक्यातून काढ. कुठल्याच अणूला स्वतःचा इलेक्ट्रॉन नकोसा नसतो. सोडियमच्या केंद्रात ११ प्रोटॉन आहेत, मधले १० इलेक्ट्रॉन आड येतात म्हणून बाहेरच्यापर्यंत ओढ कमी पोचते, पण पोचते. तो तोडायचे ४९६. क्लोरीनने तो घेतला की ३४९ सुटतात. म्हणजे लांब लांब उभे असलेले एक सोडियम अन एक क्लोरीन, एवढाच व्यवहार धरला तर १४७ चा तोटा! मग मीठ होतं कसं?

सोयाबीन अडतीवर घातलं की हिशोबाची पट्टी येते ना, तशी मिठाची पट्टी काढ. एका मोलची, सगळे आकडे किलोज्यूलमधी. खर्चाच्या बाजूला सोडियमच्या तुकड्यातले अणू सुटे करायचे १०७, क्लोरीनची जोडी फोडून त्यातला आपल्या वाट्याचा एक अणू १२१, इलेक्ट्रॉन काढायचे ४९६, झाले ७२४. जमेला क्लोरीनने इलेक्ट्रॉन घेतल्याचे ३४९, अन मग खरी रक्कम, प्लस सोडियम अन मायनस क्लोराइड एकमेकाला ओढून खड्यात गच्च बसतात त्याचे ७८७. जमा ११३६. खर्च वजा कर, ४१२ उरले. पुस्तकात मिठाची फॉर्मेशन एन्थाल्पी (मीठ तयार होतानाचा ऊर्जेचा हिशोब, मायनस म्हणजे सुटली) बघ, मायनस ४११ असेल, एकाचा फरक आपण आकडे राउंड केले त्याचा. म्हणजे इलेक्ट्रॉन देण्यात नफा नाहीच, नफा सगळा नंतरच्या चिकटण्यात आहे.

आता तू विचारशील, एवढा नफा आहे तर दोन का देत नाही? दुसरा काढायचे ४५६२!! कारण तो आतल्या शेलमधला, म्हणजे आतल्या थरातला, केंद्राच्या जवळचा, आड येणारे बी कमी. एवढी रक्कम कुठलाच खडा फेडू शकत नाही. मॅग्नेशियमला पहिला ७३८ अन दुसरा १४५१, दोन्ही परवडतात, तिसऱ्याला ७७३३ म्हणल्यावर तिथं थांबतं. आपण आठ आठ करतो ते हे असं पट्टीतून आलेलं, अणू काय बोटं मोजत बसत नाही.

खडू_डस्टर
वरच्या सरांनी चांगलं सांगितलंय, फक्त ऑक्टेटला, म्हणजे आठाच्या नियमाला, अगदीच मोडीत काढू नका. नववीच्या लेकराला मीठ, पाणी, मिथेन समजायला तो फार कामाचा आहे. तो काय होतं ते सांगतो, का होतं ते सांगत नाही, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

बाळा, तुझ्या पोटॅशियमचं सांगतो. मी परभणी जिल्ह्यात तीस वर्षं विज्ञान शिकवलं. सोडियम आम्ही रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचो, बाहेर काढून ब्लेडने कापलं की आतून चांदीसारखं चकाकतं आणि बघता बघता मळकं होतं. मुगाच्या दाण्याएवढा तुकडा घमेल्यातल्या पाण्यात टाकला की त्याची गोळी होऊन ती चर्र करत पाण्यावर पळायची, पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन (अल्कलीत गुलाबी होणारं दर्शक) टाकलेलं असलं तर मागे गुलाबी रेघ. एका वर्षी एका पठ्ठ्याने माझी नजर चुकवून सुपारीच्या खांडाएवढा तुकडा सिंकमध्ये टाकला. सिंकला तडा, खिडकीची एक काच गेली, आणि मुख्याध्यापकांसमोर मी उभा. कुणाला लागलं नाही हे नशीब. त्यानंतर बाटली कपाटात आणि चावी खिशात.

पोटॅशियम २, ८, ८, १. तोच एक इलेक्ट्रॉन, पण चौथ्या शेलमध्ये, म्हणजे केंद्रापासून लांब आणि मध्ये १८ जण आड. म्हणून ४९६ च्या जागी ४१९ मध्ये सुटतो. बाहेर किती आहेत त्यावरून काय तयार होणार ते ठरतं, आणि तो किती घट्ट धरलाय त्यावर किती लवकर होणार ते बरंचसं ठरतं. बरंचसं म्हणतोय, पूर्ण नाही.

आणि तो धडाका म्हणजे नुसता हायड्रोजन पेटला असं आम्हीही वर्षानुवर्षं सांगितलं. २०१५ मध्ये प्रागच्या पावेल युंगविर्थ यांच्या गटाने हायस्पीड कॅमेरा लावून बघितलं, तर धातू पाण्याला टेकल्याबरोबर इलेक्ट्रॉन इतक्या झपाट्याने पाण्यात जातात की मागे उरलेले प्लस भाराचे अणू एकमेकांना ढकलून धातूला काटे फुटतात आणि धातूचा थेंब फाटतो. निवृत्तीनंतर कळलं, शिकवलेलं परत घेता येत नाही.

मांजराकाठ
सर ते सिंक अजून तसंच असेल बघा

बीएस्सी_शेतकरी
नायट्रोजनचं राहिलं. त्याला घाई नाही असं नाही, त्याचं काम आधीच उरकलंय. हवेत नायट्रोजन एकटा फिरत नाही, जोडीनं असतो, अन दोघांनी मिळून तीन जोड्या वाटून घेतल्यात, त्यामुळं दोघांचे बी आठ भरले. ती गाठ सोडायला ९४५ किलोज्यूल, ऑक्सिजनच्या जोडीला ४९८ च. सुटा नायट्रोजन अणू लई तापट, पण तो भेटायला आधी गाठ तर सुटली पाहिजे. म्हणजे नुसती अणूची मांडणी बघून भागत नाही, तो आत्ता कुणाला धरून बसलाय ते बी बघायचं.

खताच्या कारखान्यात याच गाठीपायी लोखंडाचा उत्प्रेरक, चारशे-साडेचारशे डिग्री अन दीडशे-दोनशे पट दाब लागतो, तेव्हा अमोनिया होतो, त्याचा पुढं युरिया. अन आपल्या रानात? फुलावर आलेलं सोयाबीन मुळासकट हळूच उपट, मुळीवर बारीक गाठी दिसतील, एक नखानं फोड. आत गुलाबी-लालसर असलं तर आतले जीवाणू कामावर आहेत, तेच हवेतला नायट्रोजन फोडायलेत, तेबी मातीच्या गारव्यात, कसला बॉयलर नाही का काय नाही. अर्थात फुकट नाही, झाडाची साखर खातात अन नायट्रोजनच्या एकेका रेणूमागं १६ एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) जाळतात.

रिपीटर_अहमदपूर
लई लई धन्यवाद दोघांला बी!! वहीत पट्टी मांडली, ४१२ बरोबर आलं. पार्टनरला दाखवली तर म्हणतो सोयाबीनच्या पट्टीत एवढं कधी उरलं नाही 😂

पण आता नवीनच अडकलं. लिथियमची आयनायझेशन ५२०, म्हणजे सोडियमपेक्षा घट्ट. मग इलेक्ट्रोड पोटेन्शियलच्या टेबलमधी (पाण्यात इलेक्ट्रॉन सोडायची ओढ दाखवतं ते, जास्त मायनस म्हणजे जास्त ओढ) मायनस ३.०४ घेऊन ते सगळ्याच्या टोकाला कसं? अन तिथं असून पाण्यात सोडियमपेक्षा गरीब का?

खडू_डस्टर
पुन्हा पट्टीच. लिथियमचा आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गेलेला अणू, चिमुकला, म्हणून पाण्याचे रेणू त्याला फार घट्ट चिकटतात आणि त्यात एवढी ऊर्जा सुटते की आधीचा जास्तीचा खर्च भरून निघतो. म्हणून टेबलात पुढे. पण टेबल वेग सांगत नाही. सोडियम ९८ डिग्रीला वितळतं, पोटॅशियम ६४ च्या आतच, दोघंही स्वतःच्याच उष्णतेने पाण्यावर वितळून गोळी होतात. लिथियमला १८० लागतात, ते घन तुकडा राहूनच बुडबुडे सोडत बसतं.

आता झोप, दोन वाजवू नकोस.