शब्दचर्चा : शिराशोथ, गुठळी आणि ‘विरघळणे’

प्रश्न : हायड्रोजनच्या औषधी उपयोगावरच्या संशोधनाविषयी मराठीत लिहिते आहे. फ्लेबायटिसला ‘शिरादाह’ म्हणू की ‘शिराशोथ’? आणि ‘हायड्रोजनने गुठळी विरघळते’ हे वाक्य चालेल का?

उत्तर : ताई, ‘शिराशोथ’ लिहा. दाह म्हटलं की वाचकाला नुसती आग होणं कळतं. सलाईनची सुई टोचलेली शीर बिघडली की आग होतेच, पण शिरेच्या रेषेत लाली येते, जागा गरम लागते, सूज चढते आणि बोट फिरवलं तर शीर दोरीसारखी टणक लागते. हे सगळं ‘शोथ’मध्ये मावतं. शब्द बोलण्यातला नाही, म्हणून पहिल्यांदा ‘शिरेची दाहयुक्त सूज’ असं फोडून सांगा.

तुमचं दुसरं वाक्य मात्र कृपा करून काढा. ज्या प्रयोगाने या विषयाला जोर आला तो २००७ सालचा, जपानच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधला, शिगेओ ओहता यांच्या गटाचा. त्यात उंदरांच्या मेंदूची रोहिणी नायलॉनच्या धाग्याने काही काळ अडवली आणि पुन्हा मोकळी केली. म्हणजे तिथे गुठळी नव्हतीच! रक्त परत वाहू लागताना हायड्रॉक्सिल मूलकांमुळे (म्हणजे ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील कणांमुळे) पेशींची जी हानी होते, ती हायड्रोजन हुंगवल्याने कमी झाली. शिराशोथातही अशी मूलकं शिरेचं अस्तर दुखावतात, आणि दुखावलेल्या अस्तरावर रक्त साकळतं. हायड्रोजनचा संबंध जोडला जातो तो इथे. ‘हानी कमी होऊ शकते का, हे तपासत आहेत’ एवढंच लिहा.

आणखी एक उत्तर : ‘साकळणे’ वाचून बरं वाटलं. रक्त साकळतं, त्याची गुठळी होते, गुठळी वाढते, सुटून फुप्फुसात अडकते किंवा विरघळते; प्रत्येक क्रियापद वेगळी अवस्था सांगतं. गुठळीवर दिलं जाणारं हेपॅरिन हे औषधसुद्धा ती विरघळवत नाही, वाढू देत नाही. विरघळवण्याचं काम शरीरातलं प्लाझ्मिन हे विकर (एन्झाइम) करतं. ‘रक्त पातळ करणारं औषध’ हा प्रयोग रूढ आहे, पण त्याने रक्त पाण्यासारखं होत नाही. लेखात ‘रक्त साकळू न देणारं औषध’ म्हणा.

प्रश्न : आभारी आहे. हायड्रोजन वायू, हायड्रोजनयुक्त पाणी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, तिन्ही थोडक्यात ‘हायड्रोजन’ लिहिलं तर?

उत्तर : पहिल्या दोन्हींत तोच रेणू असतो, एकदा वायू म्हणून, एकदा पाण्यात विरलेला, तरी दोन्ही पूर्ण नावाने लिहा. पेरॉक्साइड हे निराळंच संयुग आहे. ते शिरेत गेलं तर ऑक्सिजनचे बुडबुडे सुटून रक्तवाहिनी अडते, जीवही जाऊ शकतो. तिथे एक अक्षरही गाळू नका.